पुण्याला विचारलं, सगळ्यात नकोसं काय?

पुण्याहून परत आलं की आमच्या अमळनेरच्या गल्लीतल्या बायका आधी विचारतात, दर्शन झालं का, आणि लगेच विचारतात, काय आणलं. मी या वेळी काहीच आणलं नाही. उलट पुण्यालाच प्रश्न विचारून आले. पुणेकरांना प्रश्न विचारायला जाणं म्हणजे काय असतं, हे ज्यांच्या वाट्याला आलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

जायचं कारण मसाला. मी आणि माझी मोठी जाऊ सुमनताई, आम्ही दोघी घरच्या मागच्या पडवीत खान्देशी काळा मसाला करून विकतो. मिरची, धणे, खोबरं, तीळ, दगडफूल भाजायचं, कांडप यंत्रात घालायचं, पाकिटं भरायची. गावात, धुळ्यात, जळगावात तो चांगला खपतो. पुण्यात नारायण पेठेतल्या लिमयेकाकांनी त्यांच्या किराणा दुकानात थोडी पाकिटं ठेवून बघितली. मग त्यांचा फोन आला.

"गिऱ्हाईक म्हणतं फार तिखट आहे. एकदा नेतात, पुन्हा फिरकत नाहीत. काय ते एक ठरवा आणि पाठवा. नाहीतर उरलेलं घेऊन जा, जागा अडते."

ताई म्हणाल्या, मिरची कमी करू. मी म्हटलं, मिरची कमी केली तर तो काळा मसाला कसला, ती राखुंडी झाली. बोलणं वाढत गेलं. आम्ही दोघी भांडायला लागलो की अहिराणीवर येतो. "तुले काय समजस?" इथपर्यंत गाडी गेली आणि मग ताई एकदम पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "ठीक आहे. मी माझा वेगळा मसाला करीन. वेगळं नाव, वेगळं यंत्र."

ताई पुस्तकी बोलल्या की ते खरं असतं. एका घरात सुना म्हणून आलो तेव्हापासून सकाळचा स्वयंपाक त्यांचा आणि संध्याकाळचा माझा. भांडणं तर चवीपुरती रोजचीच, पण 'वेगळं' हा शब्द आमच्या घरात कधी आला नव्हता.

तेव्हा मध्ये पडली आमची भाची मुक्ता. ही माझ्या नणंदेची मुलगी, पुण्यात सर्व्हे करणाऱ्या एका कंपनीत काम करते. लोकांना काय आवडतं ते मोजायचं, हाच तिचा धंदा. ती म्हणाली, "मामी, तुम्ही दोघींनी ठरवू नका. पुण्याला ठरवू दे. दोघी या."

कर्वेनगर

मुक्ताचं घर कर्वेनगरला एका सोसायटीत आहे. खाली वॉचमनने आम्हाला नाव, गाव, कुणाकडे, कशासाठी असं सगळं विचारलं. ताई म्हणाल्या, "आमच्याकडे एवढं स्थळ बघायला आल्यावरसुद्धा विचारत नाहीत."

चहा पिता पिता मुक्ताने विचारलं, "तुम्ही गावात कधी लोकांना विचारलं होतं का, मसाला कसा वाटला म्हणून?"

"विचारलं की," ताई म्हणाल्या. "पाचपैकी किती द्याल, असं रीतसर विचारलं."

"मग?"

"सगळ्यांनी पाच दिले. एकीनं सहा दिले."

"मोठ्या मामी, हे मोजमाप नाही, हे हळदीकुंकू झालं," मुक्ता म्हणाली. "सगळंच छान असलं तर काय बदलायचं ते कळणार कसं?"

मग तिने तिची पद्धत सांगितली. माणसाला एक कार्ड दाखवायचं. कार्डावर चार गोष्टी. त्यातली सगळ्यात हवीशी एक आणि सगळ्यात नकोशी एक, एवढं सांगायचं. मग दुसरं कार्ड, त्यावर वेगळ्या चार. अशी कार्डं फिरवत राहायची, म्हणजे प्रत्येक गोष्टीची गाठ बाकीच्या गोष्टींशी पडते. शेवटी जी जास्त वेळा हवीशी ठरली ती वर आणि जी जास्त वेळा नकोशी ठरली ती खाली. पाचपैकी पाच देऊन सुटायची सोयच नाही.

सरावासाठी तिने चहाचं कार्ड केलं. आलं, साखर, दूध आणि कप काठोकाठ भरलेला असणं. ताईंनी लगेच आल्यावर बोट ठेवलं.

"आणि सगळ्यात नकोसं?"

ताईंनी बोट मागे घेतलं. म्हणाल्या, "राहू दे ना. कशाला कुणाला नकोसं म्हणायचं?"

"साखर आहे ती, मोठ्या मामी. पाहुणी नाही."

"तरी पण."

"नकोसं म्हणजे वाईट नाही हो. ज्याच्यावाचून तुमचं अडत नाही, ते."

ताईंनी बराच विचार केला. शेवटी कप भरलेला नसला तरी चालेल असं म्हणाल्या आणि रिकामा कप पुढे करून म्हणाल्या, "पण भर."

मसाल्याची कार्डंही तयार झाली. कमी तिखट, काळाभोर रंग, टिकणारा वास, बेताची किंमत, छोटं पाकीट, घरगुती चव, अशा गोष्टी आम्ही सुचवल्या. मुक्ताने स्वतःच्या मनाने आणखी एक घातली: किती घालायचा ते पाकिटावर लिहिलेलं असणं. आम्ही दोघी हसलो. भांडण सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच एकत्र हसलो. मसाला किती घालायचा हे कुणी वाचून घालतं का? आमच्याकडे या मसाल्याच्या झणझणीत डाळीला फौजदारी डाळ म्हणतात, आणि ती अंदाजानेच होते.

नारायण पेठ

पुण्यातली दुकानं दुपारी बंद असतात हे आम्हाला सगळ्यांनी बजावून सांगितलं होतं. दुकान उघडं असताना काय होतं ते कुणी सांगितलं नव्हतं. लिमयेकाकांनी आम्हाला दारातलं बाकडं दिलं आणि त्याबरोबर अटी दिल्या. "गिऱ्हाईक आत येताना विचारायचं नाही. बाहेर पडताना विचारायचं. पायरी अडवायची नाही. आणि मला विचारायचं नाही, मला मत नाही."

पहिले आले ते कापडी पिशवी घेतलेले एक निवृत्त गृहस्थ. मुक्ताने विचारलं, "काका, एक मिनिट आहे का?"

"मला आहे. तुम्ही मिनिटात सोडणार आहात का?"

त्यांनी कार्ड घेतलं, वाचलं, उलटं करून पाहिलं. "मागे काही नाही?"

"नाही."

"मग मागूनही प्लास्टिक कशाला लावलंत?"

मुक्ता हसून म्हणाली, "काका, यातलं सगळ्यात हवंसं काय?"

"हवंसं यात काही नाही."

"मग सगळ्यात नकोसं?"

"हां. हा प्रश्न बरा आहे." आणि त्यांनी चारपैकी तीन गोष्टी कारणांसकट नकोशा ठरवल्या. मुक्ता म्हणाली, एकच सांगायची. "एकच? मग बाकीच्या दोघींना तुम्ही सांगणार का?" असं म्हणून त्यांनी नाइलाजाने एक निवडली. हवंसं काय ते तरीही राहिलंच. मुक्ताने पेन उचलूनच धरलं, तेव्हा एका ओळीवर नखाने टिचकी मारून म्हणाले, "त्यातल्या त्यात हे."

दिवसभरात माझ्या लक्षात आलं की 'त्यातल्या त्यात हे' ही इथली शाबासकी आहे. आमच्याकडे कुणाच्या तोंडून नकोसं निघत नाही, इथे हवंसं निघत नाही. आमची माणसं पाचपैकी सहा देणार, इथली पाचाचा आकडाच कशाला म्हणून विचारणार. मुक्ताच्या कार्डापुढे मात्र दोघांचीही सुटका नाही, कारण एक वर न्यायची आणि एक खाली टाकायची म्हटलं की माणसाला खरं बोलावंच लागतं. मला ती पद्धत तेव्हा आवडायला लागली.

मग जोशीकाकू आल्या. किरकोळ बांध्याच्या, चष्मा दोरीला लावलेला. त्यांनी 'घरगुती चव' या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "कुणाच्या घरची?"

"आमच्या," ताई अभिमानाने म्हणाल्या.

"आमच्या घरची चव मला घरी मिळते. तुमच्या घरची मी का विकत घेऊ?" आणि त्यांनी ती नकोशी ठरवून टाकली.

ताईंना ते फार लागलं. पाकिटावर 'घरगुती' हा शब्द त्यांनी हौसेने सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापून घेतला होता. मग त्या मुक्ताच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं बोट 'कमी तिखट' या ओळीजवळ आलं की मान डोलवायला लागल्या. ते बघून मला खोकला यायला लागला. बोट 'कमी तिखट'वर आलं की मी खोकायची. एका बाईंनी मला पिशवीतली खडीसाखर दिली.

मुक्ताने पेन खाली ठेवलं. "मामी, मोठ्या मामी, तुम्ही दोघी दर्शनाला जा."

अशी आमची आमच्याच सर्व्हेतून हकालपट्टी झाली.

बुधवार पेठ

दगडूशेठ गणपतीला गर्दी होती पण दर्शन नीट झालं. मी देवाला काय मागितलं ते सांगायला हरकत नाही. मी म्हटलं, मिरची कितीही कमी होऊ दे, पण घरात दोन यंत्रं येऊ देऊ नकोस. मग मला वाटलं, मिरचीचं मी उगाच बोलून गेले. पण तोवर मागच्या बाईंनी मला पुढे ढकललं होतं.

बाहेर पडल्यावर ताई इलेक्ट्रिकच्या सामानाच्या गल्लीत शिरल्या. मी मागे. तिथे एका दुकानात मोटारी आणि छोटी कांडप यंत्रं मांडलेली होती. ताईंनी एका यंत्रावर हात ठेवला.

"हे किती मिरची काढतं?"

दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "घ्यायचंय की विचारायचंय?"

"विचारायचंय."

"मग विचारून झालं की सांगा."

ताईंनी चिकाटीने सगळं विचारून घेतलं. घरपोच देता का, अमळनेरपर्यंत पाठवता का, बिघडलं तर कोण बघणार. मी शेजारी उभी राहून वायरींची भेंडोळी बघत होते. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. ताईंचं शुद्ध मराठी नुसतं रागाचं नव्हतं तर. शेवटी त्या "नंतर बघू" म्हणून बाहेर पडल्या. परतीच्या वाटेवर आम्ही एका ठिकाणी साबुदाणा वडा खाल्ला. बरोबरची चटणी गोड होती. एरवी यावर आम्ही दोघींनी तासभर तोंडसुख घेतलं असतं. त्या दिवशी दोघींनी ती मुकाट्याने संपवली.

जोशीकाकूंचं स्वयंपाकघर

दुसऱ्या दिवशी मुक्ताने आम्हाला तोंड न उघडण्याच्या अटीवर बरोबर नेलं. सकाळी कर्वेनगरच्या सोसायटीतच कार्डं फिरवली. एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "आंटी, बेस्ट म्हणजे प्राइस, ऑब्व्हियसली. पण पॅकेट क्यूट आहे हां." अमरावतीकडच्या एक बाई नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आल्या होत्या. त्यांनी आमचा मसाला तळहातावर घेऊन जिभेला लावला आणि म्हणाल्या, "हा तं काहीच तिखट नाही व बाई. पुण्यातल्या लोकायले काय झालं?" मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. अट आठवली म्हणून नुसती बघत राहिले.

दुपारनंतर नारायण पेठेत आलो तर जोशीकाकू समोरून येत होत्या. त्यांनी मुक्ताला थांबवलं. "काल माझं एक सांगायचं राहिलं. तुमचा मसाला मी घेतला होता मागे. चला वर, दाखवते काय झालं ते. चहा मिळेल. साखर बेताची असते आमच्याकडे."

त्यांचं स्वयंपाकघर लहान आणि लख्ख होतं. ओट्यावर मसाल्याचा डबा उघडून त्यांनी गोडा मसाला दाखवला. काळपट, खमंग, आमच्या मसाल्याचा सख्खा भाऊ वाटेल असा. "आम्ही दोघंच. आमटीला मसाला म्हणजे दोन चमचे. माझी आई तेच घालायची, मी तेच घालते. तुमचा आणला, रंग तसाच दिसला, दोन चमचे घातले. वर चिंच आणि गूळ."

ताईंनी आणि मी एकदमच तोंडाला पदर लावला. दोन माणसांच्या आमटीत आमच्या मसाल्याचे दोन चमचे.

"मग?" मी अट मोडून विचारलं.

बाहेरच्या खोलीतून जोशीकाकांचा आवाज आला. "मग काही नाही. मी अजून आहे."

जोशीकाकू म्हणाल्या, "पुन्हा दुसऱ्या दिवशी अगदी चिमूट घातला. तर नुसता चिंचगूळ लागला, मसाल्याचा वास कसला तो नाहीच. आता मला सांगा, घालायचा किती?"

"अंदाजानं," ताई म्हणाल्या.

"अंदाज कुणाचा? तुमचा की माझा?"

आम्ही दोघींनी कप उचलले. चहा प्यायलो. साखर खरंच बेताची होती.

पुन्हा कर्वेनगर

मुक्ताने आकडेमोड केली आणि आम्हाला समोर बसवलं. सगळ्यात खाली, तळाला, 'घरगुती चव' होती. ताईंनी नजर फिरवली. 'कमी तिखट' मात्र वर नव्हतं आणि खालीही नव्हतं. मधोमध होतं. आम्ही दोघी ज्याच्यावरून घर फोडायला निघालो होतो, त्याचं पुण्याला ना हवं ना नको. आणि सगळ्यात वर होतं, आम्ही ज्याला हसलो होतो ते: किती घालायचा ते लिहिलेलं असणं.

"म्हणजे मिरची कमी करायची गरज नाही," मी म्हटलं. आवाजात आनंद लपला नाही.

"म्हणजे पाकिटावर एक ओळ छापायची," मुक्ता म्हणाली. "सांगा. चार माणसांच्या भाजीला किती?"

"अर्धा चमचा," मी म्हणाले.

"दोन," ताई म्हणाल्या.

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"दोन?" मी विचारलं.

"अर्धा?" ताईंनी विचारलं.

ते असं होतं. आमच्या घरात सगळे म्हणतात, ताईंचा हात तिखट. सकाळच्या भाजीने सगळ्यांच्या कपाळाला घाम येतो. मला इतकी वर्षं वाटायचं, त्या वरून मिरचीपूड घालतात. आणि माझ्या हाताला चव नाही असंही घरात म्हणतात. ताईंना वाटायचं, मी मसाला विक्रीसाठी राखून ठेवते म्हणून भाजीत हात आखडते. एकाच डब्यातला मसाला, एकच चूल, आणि सकाळ-संध्याकाळ चुलीपुढे उभ्या राहून आम्ही एकमेकींचा चमचा कधी पाहिलाच नाही. ताई दोन चमचे घालत होत्या, म्हणून त्यांना मिरची जास्त वाटत होती. मी अर्धा घालत होते, म्हणून मला कुठे तिखट आहे हेच कळत नव्हतं. आम्ही जोशीकाकूंना मनातल्या मनात हसलो होतो आणि आमच्याच घरात एक जोशीकाकू दोन चमचे घेऊन उभ्या होत्या.

ताईंनी हळूच विचारलं, "तुला माझी भाजी फार तिखट लागते का गं?"

"लागते," मी म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाले.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोललात, माझी अळणी लागते म्हणून?"

ताई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. मुक्ता म्हणाली, "तुम्ही दोघी स्वयंपाकघरात येऊ नका आता," आणि तिने एकटीने वांग्याची भाजी टाकली. एक सपाट चमचा, ना कमी ना जास्त. भाजी ना ताईंसारखी झाली ना माझ्यासारखी. दोघींपेक्षा चांगली झाली. हे दोघींपैकी कुणीच बोललं नाही, पण पातेलं घासायला टाकायच्या आधी आम्ही भाकरीने ते पुसून घेतलं होतं.

निघायच्या दिवशी

लिमयेकाकांना सांगायला गेलो. मुक्ताने पाकिटावर चिकटवायची चिठ्ठी छापून घेतली होती. त्यांनी चष्मा लावून ती मोठ्याने वाचली. "चार माणसांच्या भाजीला एक सपाट चमचा." मग चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. "आमच्याकडे दोनच माणसं आहेत."

"मग अर्धा घाला," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"एका वेळी एकीनं बोला." त्यांनी चिठ्ठी पाकिटावर लावून बघितली, 'घरगुती' या शब्दावर बरोबर बसली. ताईंनी पुढे होऊन तिची कड अंगठ्याने दाबली. काकांनी पाकिटं पुढच्या फळीवर मांडली, एक मागे सरकवलं, एक पुढे ओढलं. "ठेवतो. त्यातल्या त्यात बरं आहे."

मी ताईंकडे पाहिलं. मला अजून धास्ती होती. मिरचीचा प्रश्न सुटला होता, पण बुधवार पेठेतलं ते यंत्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं आणि विचारायची हिंमत होत नव्हती.

तेवढ्यात काकांनी विचारलं, "आणि एवढं लिहूनही तिखट झालं तर गिऱ्हाइकानं तक्रार कुणाकडे करायची? यांच्याकडे की तुमच्याकडे?"

"कुणाकडेही करा," ताई म्हणाल्या. "आम्ही एकाच घरात असतो. यंत्रही एकच आहे."